झेंड्याची मागची बाजू

नगरपालिकेने शहरासाठी झेंडा करायचं ठरवलं, ही बातमी मी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, 'हरवले आहेत' आणि 'नावात बदल' यांच्या मधल्या चौकटीत वाचली. एखादा शहाणा निवृत्त माणूस तिथून सरळ शब्दकोड्याकडे वळला असता. मीही वळणारच होतो. पण त्या दिवशीचं शब्दकोडं बायकोने आधीच कापून नेलं होतं. (कोड्याच्या मागच्या बाजूला पडद्याच्या झालरीचा नमुना छापलेला होता.) त्यामुळे पुढे जे काही घडलं त्याची सुरुवात तिच्या कात्रीने झाली, हे मी आधीच स्पष्ट करून ठेवतो.

'सुजाण नागरिकांनी शहराच्या झेंड्याची संकल्पना अर्थासह, कापडात शिवून सादर करावी,' असं त्या चौकटीत होतं. सुजाण नागरिक म्हणजे मी, हे लगेच लक्षात आलं. आणि 'अर्थासह' या शब्दावर तर माझे कान टवकारले. चित्रकला मला येत नाही. शिवण त्याहून येत नाही. पण अर्थ! माझी सगळी नोकरी अर्थ लावण्यात गेली.

मी पाणीपुरवठा खात्यात कारकून होतो. खात्यात पाणी फारसं नव्हतं, पण टिपणी लिहावी तर मी, असा लौकिक होता. भर चौकात मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा 'नागरिकांना थेट रस्त्यावर पाणी उपलब्ध करून देण्यात आले' असं मी लिहिलं होतं. नव्या टाकीच्या उद्घाटनाला नळातून नुसतीच हवा आली, तेव्हा 'हवेची चाचणी यशस्वी' हा शेरा माझाच. घडायचं ते घडतं, ते आपल्या हातात नसतं. टिपणी मात्र आपल्या हातात असते, या तत्त्वावर मी सन्मानाने निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर माझ्याकडे एकच कार्यालय उरलं होतं: बाहेरच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल. त्यावर माझी पुस्तकं, माझा चष्मा, माझा चहा. खिडकीतून रस्ता दिसतो. सकाळी तिथे बसून एक परिच्छेद वाचायचा, एक माणूस जाताना पाहायचा, त्याच्याविषयी मनातल्या मनात मत बनवायचं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळायचं, असा माझा शिरस्ता होता.

या कार्यालयावर बायकोचा डोळा होता. ती लोकांच्या घरचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते. तिचं मोटरवर चालणारं मशीन दोन खोल्यांमधल्या बोळात, एका स्टुलावर, पिवळट दिव्याखाली असतं. तिथे उजेड नाही, अशी तिची तक्रार. काळा दोरा म्हणून तिने एकदा गडद निळा वापरला आणि गिऱ्हाइकाने सगळे पडदे उसवून मागितले, तेव्हापासून ती तक्रार राहिली नाही, तिची मोहीम झाली.

"अगं, एक झेंडा शिवायचा आहे," मी म्हटलं.

"कोणी सांगितलाय?"

"शहराने."

"शहराला सांगा, माप घेऊन यायला." मशीन थांबलं नाही.

मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "शिवते. पण हरलात तर ते टेबल बोळात, आणि माझं मशीन खिडकीत."

"आणि जिंकलो तर?"

"तर पुन्हा कधी खिडकीचं नाव काढणार नाही."

सौदा तोंडी होता, पण तोंडी झालं तरी शब्द नेमके हवेत. मी उभा राहिलो. (अटी बसून सांगू नयेत.) "झेंडा निवडला गेल्यास टेबल खिडकीतच राहील. न निवडला गेल्यास टेबल बोळात जाईल व मशीन खिडकीत येईल."

"निवडला गेला तर मशीन कुठे राहील?"

"त्याचा उल्लेख करायची गरज नाही."

"बघा हं."

"नाही म्हणजे नाही. कलम आटोपशीर असावं."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

मग मी शहराच्या अर्थाला लागलो. शहर म्हटलं की नदी आलीच, म्हणून खाली निळा पट्टा. नदीवर पाच कमानींचा पूल. पुलामागे घड्याळाचा मनोरा. डाव्या कोपऱ्यात उघडं पुस्तक, म्हणजे विद्या. उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक, म्हणजे उद्योग. मध्यभागी एक नळ. (हा कोणाच्या आग्रहावरून आला ते सांगत नाही.) पार्श्वभूमी निम्मी लाल, निम्मी पांढरी: लाल म्हणजे धैर्य, पांढरी म्हणजे शांतता. आमच्या शहराने यातलं काहीही कधी दाखवलेलं नाही, पण झेंडा म्हणजे काही चारित्र्याचा दाखला नव्हे.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने माझा कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग आणखी लांब धरला, आणि शेवटी टेबलावर ठेवून स्वतःच चार पावलं मागे गेला.

"भावोजी, हे झेंड्याचं चित्र आहे की सामानाचं दुकान?"

"प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे, मास्तर."

"असेल. पण झेंडा लांबून ओळखता आला पाहिजे. पोराला न बघता काढता आला पाहिजे."

"शहराचा झेंडा आहे हा. पाटीवरचं बदक नव्हे."

"बदक बरं पडलं असतं," मास्तर म्हणाला. "निदान लांबून बदक दिसलं असतं."

बायको तोवर कागद पालथा करून बघत होती. "आणि मागच्या बाजूला काय?"

"मागच्या बाजूला काही नसतं."

"अहो, झेंडा हवेत असणार. मागूनही माणसं बघणार."

"अगं, मी आयुष्यभर कागदाच्या एका बाजूला लिहिलंय. मागची बाजू कोरी सोडायची, हा नियमच आहे."

बहीण-भावांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दोघांच्या घरात असं एकमेकांकडे पाहण्याची फार जुनी परंपरा आहे.

कापड मीच आणलं. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवंय?" मी म्हटलं, "धैर्यासाठी." त्याने लालात लाल कापड काढून दिलं आणि मी पुन्हा दुकानात येऊ नये अशा घाईने ते बांधलं.

"आधी पाण्यात घाला," बायको म्हणाली. "रंग जातो का ते कळेल."

"धैर्याचा रंग जात नाही."

"मग पाण्यात घालायला काय हरकत आहे?"

मी हरकत घेतली. मला घाई होती, आणि पाण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये असं मला वाटतं. शेवटी तिने आठवडाभर मान मोडून झेंडा शिवला: लाल, पांढरं, त्यावर पूल, मनोरा, पुस्तक, चाक आणि नळ असे तुकडे एकेक करून लावले. पुलाच्या कमानी करताना ती काय पुटपुटत होती ते मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, हे मशीनचे उपकार.

झेंडा पुरा झाल्यावर मी तो कौतुकाने हातात घेतला आणि त्यावर चहा सांडला. थोडासाच. मी चपळाईने बादलीत बुडवला आणि चोळला. चहा गेला. त्याबरोबर धैर्यही निघालं आणि शांततेवर जाऊन बसलं. पांढरा भाग गुलाबी झाला. नदी जांभळी झाली. पुस्तक तर असं काही दिसू लागलं की ते घरात उघडं ठेवू नये.

बायको दारात उभी राहून बघत होती.

मी हात पुसले, टेबलाशी बसलो आणि टिपणीत दुरुस्ती केली: 'गुलाबी रंग हा शहराच्या उगवत्या पहाटेचा द्योतक असून, जांभळी नदी तिचेच प्रतिबिंब होय.' वाचून पाहिलं. आधीपेक्षा सरस वाटलं! आधी पहाट सुचलीच नव्हती.

"बघ," मी म्हटलं, "उलट फायदाच झाला."

"झेंडा चुरगळलाय," ती म्हणाली. "मी पडदे पोचवून येते. आल्यावर इस्त्री करते. तुम्ही हात लावू नका."

'हात लावू नका' असं सांगितलं की माणसाला हात असल्याची आठवण होते. मी इस्त्री तापवली. पूल झाला, पुस्तक झालं, नळही उत्तम बसला. मनोऱ्यावर इस्त्री टेकवली आणि तेवढ्यात मास्तरचा फोन आला.

"काय भावोजी, बदक घातलंत का?"

आता यावर गप्प बसणं शक्य होतं का? मी त्याला पहाटेचा अर्थ सांगितला. मग प्रतिबिंबाचा. तो म्हणाला, "भावोजी, तुमच्याकडे काही जळतंय का?" मी म्हटलं, "जळणारे जळोत!" तो म्हणाला, "तसं नाही, तुम्ही मघापासून खोकताय."

मनोऱ्याच्या डोक्यावर जिथे घड्याळ होतं, तिथे इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं भोक पडलं होतं. त्यातून खालचा पलंग दिसत होता.

बायको परत येईपर्यंत माझी दुसरी दुरुस्ती तयार होती: 'मनोऱ्यातील पोकळी ही काळापलीकडे पाहणारी खिडकी आहे.'

तिने ते वाचलं. मग त्या भोकाला डोळा लावला आणि पलीकडून माझ्याकडे बघत म्हणाली, "काळापलीकडे एक बिनकामाचा माणूस दिसतोय."

"अगं, उद्या द्यायचाय."

"दिसतंय मला." ती झेंडा पालथा करून बसली. मागे सगळ्या शिवणींचे टाके, दोऱ्यांची टोकं आणि काळ्या कडांचं ते भोक. "असा द्यायचा नाही. माझ्या हातचं काम आहे. पडद्याला अस्तर नसलं की घराची अब्रू रस्त्यावरून दिसते. याला अस्तर लावते."

"पण टिपणीत अस्तर नाही!"

"भोक तरी कुठे होतं?"

कोणाच्या तरी पडद्यांतून उरलेलं हळदुलं पिवळं कापड तिच्याकडे होतं. ते झेंड्याच्या मापाला पुरलं नाही. दोन पिवळ्या तुकड्यांच्या मधे उरलेल्या जागी तिने गडद निळा तुकडा जोडला, तोच तो उसवलेल्या पडद्यांचा दोरा वापरून. एका कडेला दांडीसाठी नेफा घातला, दोरा तोडला आणि झेंडा माझ्या अंगावर टाकला. "हं. घ्या तुमचं शहर."

निवडीच्या दिवशी नगरपालिकेच्या पटांगणात खांब उभे केले होते. निवडक झेंडे त्यांच्यावर चढवायचे, नगराध्यक्षा बाई आणि बाहेरून आलेले एक चित्रकार सज्जात उभे राहून बघणार, आणि खाली माईकपाशी ज्याने त्याने अर्थ सांगायचा, अशी व्यवस्था होती. मी ठेवणीतला कोट घातला होता. बायको मागच्या रांगेत मास्तरशेजारी बसली होती. तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती. ती काढायला विसरली असेल असं मी धरून चाललो. घरी गेल्या गेल्या खिडकी मोजायचा तिचा बेत होता, हे मास्तरने नंतर सांगितलं.

माझा झेंडा वर गेला. वारा नव्हता. इतका नव्हता की झेंडा न्हाणीघरातल्या खुंटीवरच्या ओल्या टॉवेलसारखा खांबाला चिकटून राहिला. अस्तरामुळे तो जडही झाला होता. मी माईकसमोर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली: "प्रस्तुत झेंड्यात पाच कमानींचा पूल दिसत आहे..."

"कुठे?" सज्जातून चित्रकारांनी विचारलं.

"घडीत आहे."

"आणि मनोरा?"

"तोही घडीतच आहे. पुलाच्या आत."

"मग बाहेर काय आहे?"

मी वर पाहिलं. "नळाचा दांडा, साहेब."

पटांगणात हशा पिकला. मी धीर सोडला नाही. पहाट सांगितली, प्रतिबिंब सांगितलं, काळापलीकडची खिडकी सांगितली. लोक माना वाकड्या करकरून ती पहाट शोधत होते. मला माझं टेबल डोळ्यांसमोर दिसू लागलं: बोळात, पिवळट दिव्याखाली, आणि त्याच्यापाशी मी, रस्त्याऐवजी समोरच्या भिंतीविषयी मत बनवणारा.

आणि वारा आला. जोराचा आला. झेंडा एकदा फडफडला, सरळ झाला आणि पूर्ण उघडला. खाली आमच्या बाजूला पूल, पुस्तक, चाक, नळ आणि भोक, सगळं एकदम दिसलं. ("अरे बापरे," मास्तरचा आवाज.) पण सज्जा खांबाच्या पलीकडे होता. सज्जातून दिसली ती मागची बाजू.

वर दोघंही एक पाऊल पुढे सरकली.

"वा!" चित्रकार म्हणाले.

"अहो, किती साधा आहे!" नगराध्यक्षा बाई कठड्यावर वाकल्या. "पिवळं शहर आणि त्यातून तिरकी जाणारी नदी. या टोकावरून त्या टोकाला, अगदी आहे तशी. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

मी टिपणी चाळली. तिच्यात हे नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या टिपणीत नसलेलं काहीतरी खरोखर घडलं होतं.

"ती... ती मागची बाजू आहे," मी म्हटलं.

"कोणी केली?"

मी उत्तर देण्यासाठी योग्य शब्दांची जुळवाजुळव करत होतो, तोवर मास्तर उभा राहिला आणि बायकोकडे बोट दाखवून ओरडला, "हिने!"

नगराध्यक्षा बाईंनी तिला विचारलं, "पिवळ्याचा अर्थ काय घ्यायचा?"

"अर्थ कसला?" बायको जागेवरूनच म्हणाली. "पिवळं कापड कमी पडलं, म्हणून निळं जोडलं."

"आणि तिरकं का?"

"उरलेला तुकडाच तिरका होता."

बाई खळखळून हसल्या. "या शहरात सगळंच कमी पडतं आणि जोडूनच भागवतो आपण! एवढं खरं बोलणारं माझ्या कारकिर्दीत कोणी भेटलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातात टिपणी होती, त्यामुळे आवाज फारसा आला नाही.

झेंडा निवडला गेला. म्हणजे त्याची मागची बाजू निवडली गेली. पुढची बाजू काढून टाकावी, असं नगरपालिकेने सौजन्याने कळवलं. त्याबरोबर 'अर्थ' मात्र लेखी हवा होता, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी नदीचा प्रवाह, मातीचा रंग, दोन काठांचं मीलन असं सगळं ओघवत्या भाषेत लिहून पाठवलं. ते परत आलं तेव्हा सगळं खोडलेलं होतं. खाली एकच ओळ ठेवली होती: 'पिवळे कापड कमी पडले, म्हणून निळे जोडले.' ती आता नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर लावली आहे. जाणारे-येणारे थांबून वाचतात.

पण घरात मी जिंकलो होतो, याबद्दल दुमत नव्हतं. झेंडा माझ्या नावाने गेला होता आणि तो निवडला गेला होता. मी बायकोला अटीची आठवण करून दिली.

"मान्य," ती म्हणाली. "टेबल खिडकीतच राहील."

इतकी सहज मान्य झाली, हे पाहून मी खूश झालो. खुशीतच चक्कर मारायला गेलो. परत आलो तर दारात पिवळ्या आणि निळ्या कापडाचे गठ्ठे. प्रत्येक कचेरीवर, प्रत्येक शाळेवर झेंडा लावायचा होता आणि ते सगळे शिवायचं काम नगरपालिकेने तिला दिलं होतं. आत आलो. टेबल खिडकीत होतं. जागचं तसूभरही हललेलं नव्हतं. त्याच्यावर मशीन होतं.

"अगं, हे काय?"

"टेबल खिडकीतच आहे ना?"

"पण मशीन!"

"मशीन कुठे राहील याचा उल्लेख करायची गरज नाही, असं कोण म्हणालं होतं?" तिने सुईत एका झटक्यात दोरा ओवला आणि खिडकीकडे कौतुकाने पाहिलं. "काय उजेड आहे हो इथे! तुम्ही सांगितलं नाहीत कधी."

मास्तर पलंगावर बसून माझा चहा पीत होता. "कलम आटोपशीर होतं भावोजी," तो म्हणाला.

आता मी बोळात असतो. स्टूल रिकामंच होतं. माझी पहाट, प्रतिबिंब आणि नळ असलेली पुढची बाजू बायकोने टेबलावर पसरली आहे, कात्रीने लाकडावर ओरखडे उठू नयेत म्हणून. (पालथी.) तयार झेंडे ती खिडकीजवळून बोळात माझ्याकडे टाकते आणि मी त्यांच्या घड्या घालतो. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "अगं, यातली पुढची बाजू कोणती धरायची?"

"दोन्ही बाजू सारख्याच आहेत," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "चुकायला जागाच नाही. म्हणून तर हे काम तुमच्याकडे दिलंय."